सायकलवरची तहान

आमच्या निवासाच्या व्हरांड्यात एक सायकल उभी असते आणि तिच्या हँडलला एक छागळ टांगलेली असते. तरुण वाचकांपैकी अनेकांना छागळ म्हणजे काय हे सांगावे लागेल. जाड कॅनव्हासची ती एक पिशवी, तोंडाला लाकडी बूच. पाणी भरले की कापड भिजते, पाझरलेले पाणी वाऱ्यावर उडून जाते आणि आतले पाणी गार राहते. एके काळी ट्रकच्या पुढे आणि बैलगाडीच्या साट्याला अशा छागळी लोंबकळत असत. आमच्या युवा संघाच्या मुलांना ती पाहून गंमत वाटते. त्यांच्या सायकलींना रंगीत बाटल्या असतात. एकदोघांच्या पाठीवर तर नळी लावलेली पाण्याची पिशवी असते. तोंड वळवले की पाणी हजर. मागे एकाने विचारले, "फादर, ही शोभेला ठेवलीय का?" आम्ही हो म्हणून मोकळे झालो. ते उत्तर खरे नव्हते. खरे उत्तर लांबलचक आहे आणि आमच्या मानमरातबाला फारसे पोषक नाही. ते येथे देत आहोत.

मूळचे आम्ही वसईचे. गुरुदीक्षेनंतरची पहिली काही वर्षे मात्र तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मिशनात गेली. मिशनात जीप एकच होती आणि ती ज्येष्ठ फादरांकडे असे. आम्हांला सायकल मिळाली. तिच्याबद्दल आमची तक्रार कधीच नव्हती. उलट, भर उन्हात वीस-पंचवीस किलोमीटर सायकल मारून वाडीवस्तीवर मिस्सा करणारा तरुण धर्मगुरू ही आमची आमच्याच डोळ्यांपुढची प्रतिमा आम्हांला फार आवडत असे.

२००० साली शुभ शुक्रवार एप्रिलच्या २१ तारखेला आला होता. नेवासे तालुक्यातील एका वस्तीवर दुपारी तीन वाजता क्रुसाची वाट आणि प्रभूच्या दुःखसहनाचा विधी करायचा होता. अंतर तेवीस किलोमीटर. आमच्याबरोबर मिशनातील मास्तर होते. हे मास्तर साठीला टेकलेले, अंगाने किरकोळ. तीस वर्षे त्यांनी त्याच रस्त्यांवर धर्मशिक्षण दिलेले. निघताना त्यांनी मीठ घातलेले तांब्याभर ताक प्यायले, खिशात एक कांदा टाकला आणि छागळ भरून सायकलला अडकवली. आम्ही काहीच घेतले नाही. उपवास होता ना!

आता येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. उपवासात पाणी वर्ज्य नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीच्या उपवासात पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पण पोप पायस (बारावे) यांनी १९५३ सालीच पाण्याने तो उपवास मोडत नाही असे ठरवून दिले. शुभ शुक्रवारच्या उपवासाचा नियम तर अन्नापुरता आहे. हे सारे आम्ही सेमिनरीत परीक्षेला लिहून गुण मिळवले होते. तरीही त्या दिवशी आम्ही सकाळपासून पाणी प्यायलो नव्हतो. ते कोणी सांगितले होते? कोणीच नाही. आम्हांला नियमापेक्षा थोडे अधिक करून दाखवायचे होते.

साडेअकराला निघालो. नगरकडचे ऊन कोरडे. घाम येतो पण दिसत नाही. सायकलच्या वाऱ्याने तो तिथल्या तिथे सुकतो आणि शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. त्यामुळे आपण घामेजलोच नाही, आपण मोठे काटक, असा समज होतो. आठ-नऊ किलोमीटरवर एका कडुनिंबाखाली मास्तर थांबले आणि छागळ पुढे केली. आम्ही मान हलवली. "फादर, उपासाला पानी कुनी नको म्हनलंय? घोटभर घ्या," ते म्हणाले. आम्ही त्यांना उपवासाच्या अर्थावर दोन वाक्ये ऐकवली. ऐकून त्यांनी गुमान बूच लावले.

पुढच्या तासाचे आम्हांला तुकड्यातुकड्यांनी आठवते. डोके ठणकू लागले. मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारले तेव्हा आम्ही त्यांच्यावर खेकसलो. एरवी त्यांना आम्ही कधी अरे-तुरे केले नव्हते, तो शब्दही तोंडून गेला. मग एका लहानशा चढावर, बेचाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात, अंगावर थंडीने यावा तसा काटा आला. त्यानंतर रस्त्याकडेची चारी आणि डोळ्यांसमोरचे फिरते चाक, एवढेच.

मास्तरांनी आम्हांला बाभळीच्या सावलीत ओढले, शर्टाची बटणे काढली आणि सबंध छागळ आमच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर रिकामी केली. तोंडात थेंब घातला नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतले तर ते फुप्फुसात जाते, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले होते कोण जाणे. उपरण्याने ते वारा घालीत राहिले. आम्ही बोलू लागल्यावर, जवळच्या वस्तीवरून आणलेले पाणी त्यांनी घोट घोट करून दिले. पुढे एक टेम्पो मिळाला, दवाखाना मिळाला, सलाईनच्या दोन बाटल्या मिळाल्या. सायंकाळी डोळे उघडून पाहिले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून गेले होते.

त्या वस्तीवर लोक तीन वाजल्यापासून बसून होते. आसपासच्या मळ्यांतून बाया पोरांना कडेवर घेऊन उपाशीपोटी चालत आल्या होत्या. पाच वाजेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग आपली आपणच गीते म्हटली आणि दिवेलागणीला घरी गेल्या. रात्री मास्तर पुन्हा सायकलवर जाऊन निरोप सांगून आले. पुढच्या आठवड्यात आम्ही तेथे गेलो, तेव्हा कोणी चकार शब्दाने दोष दिला नाही. उलट एक म्हातारी आमचा हात धरून म्हणाली, की फादर आमच्यासाठी उपाशीतापाशी उन्हातून आले आणि पडले. मास्तर शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्या बाईला खरे काय ते सांगण्याची वेळ ती होती आणि आम्ही ती जाऊ दिली.

अशा चुका करणारे आम्ही एकटेच नव्हतो, हे पुढे वाचनात आले; त्याने समाधान झाले असे नाही, पण आश्चर्य वाटले. ज्यांचा धंदाच सायकल, ते शर्यतपटूही कित्येक वर्षे याच भ्रमात होते. शर्यतीत कमी पाणी पिणारा तो खरा गडी, अशी युरोपात समजूत असे. तूर द फ्रान्स या सुप्रसिद्ध शर्यतीत १९६० च्या दशकातही प्रत्येक स्पर्धकाला दिवसाला चारच बाटल्या, म्हणजे दोनेक लिटर पाणी मिळे. शर्यतपटू वाटेतल्या खानावळींत घुसून मिळेल ते उचलीत आणि कारंज्यांवर बाटल्या भरून घेत. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्पसन हा एकोणतीस वर्षांचा इंग्रज शर्यतपटू माँ व्हाँतूच्या उघड्या बोडक्या चढावर कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक औषध व मद्य सापडले, पोटही आधीपासून बिघडलेले होते. केवळ तहानेने तो गेला असे म्हणता येणार नाही. पण त्या उन्हात, त्या चढावर, एवढ्याशा पाण्यावर माणसाला पाठवणे हा शहाणपणा होता असेही कोणी म्हणणार नाही.

याच शर्यतीतील एक छायाचित्र आमच्या मेजाच्या काचेखाली आहे. साल १९५२. जीनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी हे दोन इटालियन प्रतिस्पर्धी आल्प्सच्या चढावर पुढेमागे आहेत आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पाण्याची बाटली जात आहे. कोणी कोणाला दिली यावर इटलीत आजवर वाद चालतो. घराघरांत त्यावरून दोन तट पडले होते म्हणतात. बार्ताली हा मोठा श्रद्धाळू कॅथलिक. महायुद्धात सायकलच्या नळ्यांत बनावट ओळखपत्रे लपवून त्याने ती फ्लॉरेन्सहून अस्सीसीपर्यंत पोहोचवली आणि ज्यू कुटुंबांचे प्राण वाचवण्यास हातभार लावला. त्याबद्दल तो हयातीत फारसा बोलला नाही; याद व्हाशेम संस्थेने २०१३ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, त्याचा गौरव केला. आम्हांला मात्र त्या चित्रात बाटली देणाऱ्यापेक्षा घेणारा अधिक मोलाचा वाटतो. प्रतिस्पर्ध्याच्या हातून, साऱ्या जगासमोर, पाणी घेणे सोपे नाही. आम्हांला ते एका साध्या मास्तरांच्या हातूनही जमले नव्हते.

पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवला आणि चाला किंवा सायकल चालवा असे बजावले. आम्ही दुसरा पर्याय निवडला. तोवर वसईला परतून बरीच वर्षे झाली होती. या खेपेस आम्ही आधी थोडा अभ्यास केला.

सायकल चालवताना शरीर जी शक्ती खर्चते तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा चाक फिरवण्यास लागतो. उरलेली सारी उष्णता. ती बाहेर टाकण्याचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावरून पुरता सुकला तर पाचशे ऐंशी किलोकॅलरींच्या आसपास उष्णता घेऊन जातो. पण तो सुकला पाहिजे. नगरला तो सुकतो. आमच्या वसईत मे महिन्यात पारा चौतीस-पस्तीसच दाखवतो आणि परगावचे लोक म्हणतात, एवढे काय ऊन! परंतु खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या या दमट पट्ट्यात घाम निथळतो, सुकत नाही. पाणी जाते आणि गारवाही मिळत नाही. सायकल चालू असेतो वाऱ्याने थोडे बरे वाटते. थांबलो की कपाळावरून धारा लागतात.

तासाला किती घाम जातो हे माणसागणिक बदलते, साधारण अर्ध्यापासून दीड लिटरपर्यंत. आपला हिशेब काढण्याची सोपी युक्ती अशी की निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करावे. जितके किलो घटले तितके लिटर पाणी, प्यायलेले त्यात मिळवून, अंगातून गेले. वजनाच्या शेकडा दोनहून अधिक घट होऊ देऊ नये. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडले आहे. तहान लागेल तेव्हा प्यावे हा नियम तरुणाला लहान फेरीपुरता पुरतो; वय वाढले की तहानेची जाणीवच मंदावते, म्हणून आम्ही दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घेतोच.

पाण्याचा अतिरेकही नको, आणि हे ऐकून अनेकांना नवल वाटते. अमेरिकेतील बॉस्टन येथे २००२ सालच्या मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले. त्यांतील शेकडा तेरा जणांच्या रक्तातले सोडियम धोकादायक नव्हे तरी नक्कीच कमी झाले होते, थोड्यांचे तर जिवावर बेतेल इतके. धावता धावता भारंभार पाणी पिणे हे त्याचे मोठे कारण होते. घामाबरोबर मीठही जाते आणि नुसते पाणी ढोसत राहिले की उरलेले पातळ होते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळणे ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे फसगत होते. निघाल्या वेळेपेक्षा वजन वाढून परत आलात तर समजावे की पाणी जास्त झाले.

मीठ, साखर आणि पाणी यांच्या जोडीचा महिमा डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवून दिला. पटकीने माणसे मरत होती, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. त्यांनी पिंपांतून मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले आणि शेकडा तीसच्या घरातील मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आणले. आतड्यात ग्लुकोज सोडियमला हात देऊन आत नेते आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ जाते. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. तास-दीड तासाच्या फेरीला तेवढेही लागत नाही. निघण्यापूर्वी मीठ घातलेली पेज किंवा ताक, परतल्यावर कोकमाचे सरबत आणि नाक्यावर मिळाले तर दोन ताडगोळे, एवढ्यावर आमचे भागते. मधुमेही आणि रक्तदाबाच्या बांधवांनी साखर-मिठाचे प्रमाण आपापल्या डॉक्टरांना विचारावे, आम्हीही विचारतो.

इतके सारे ज्ञान गाठीशी बांधून आम्ही २०२३ च्या मे महिन्यात युवा संघाची सायकलफेरी काढली. एप्रिलमध्येच खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेली दहाहून अधिक माणसे दगावली होती, त्यामुळे पालक धास्तावलेले. आम्ही त्यांना धीर दिला. वसईहून विरार, शिरसाड फाटा, पारोळ करीत वज्रेश्वरीजवळ तानसा नदीच्या काठापर्यंत जायचे आणि परतायचे, जाऊन येऊन साठएक किलोमीटर. मुले-मुली मिळून सव्वीस. मागे टेम्पो, टेम्पोत दोन सिस्टर, बर्फाचा डबा, औषधांची पेटी. पाणी कोठे भरायचे, पंक्चरवाला कोठे, दवाखाना कोठे, याचा नकाशा आम्ही स्वहस्ते काढला होता. आदल्या संध्याकाळी पाण्यावर पाऊण तास व्याख्यान दिले. कोणी कंटाळले असल्यास त्यांनी ते लपवले.

परतीच्या वाटेवर, साडेदहाच्या सुमारास, पारोळ ओलांडल्यावर एक सतरा वर्षांची मुलगी मागे पडली. तिला ओकारी झाली. नाव विचारले ते तिने सांगितले, पण आज वार कोणता हे तिला सांगता येईना. तिच्या सायकलीवरच्या दोन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. त्या पाहून आमच्या मनात प्रथम जे आले ती काळजी नव्हती, तो राग होता. इतके सांगूनही! आम्ही काही बोलणार, तोच थोरल्या सिस्टरांनी आम्हांला हाताने बाजूला केले. मुलीला झाडाखाली नेऊन त्यांनी ओले टॉवेल गुंडाळले, मानेला आणि काखांत बर्फ लावला, दोघींनी वारा घातला. वीसेक मिनिटांत ती सावरली. मग साखर-मिठाचे पाणी घोट घोट. दुपारी डॉक्टरांनी तपासून घरी सोडले. ती सावरली नसती, तर १०८ ला फोन करून अंगावर पाणी ओतीतच न्यायची, असे सिस्टरांनी मनाशी ठरवले होते.

नंतर सिस्टर आमच्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "फादर, तुमच्या नकाशात एक गोष्ट राहिली. मुलींनी जायचे कुठे?"

आम्हांला कळायला क्षणभर लागला. मुले झाडाआड जाऊन येत होती. मुलींसाठी त्या सबंध वाटेवर काही नव्हते. एका पेट्रोलपंपावर होते, त्याला कुलूप होते. त्या मुलीने आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडले होते. आणि ती एकटी नव्हे. आठ मुलींपैकी आठही जणींनी थोड्याफार फरकाने तेच केले होते. आम्ही पाहिले की बाटली तोंडाला लावायच्या आणि ओठ ओले करून खाली ठेवायच्या. आमच्या पाऊण तासाच्या व्याख्यानात त्या अगदी समोर बसल्या होत्या. सिस्टरांनी आणखीही काही सांगितले. ते येथे लिहीत नाही. घरोघरच्या मातांना ते ठाऊक आहे, पित्यांनी त्यांना विचारावे.

संध्याकाळी आम्ही मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील दाराशी आले, हात जोडून म्हणाले, "फादर, तुम्ही तरी काय करणार? पोरगीच ऐकत नाही." आत ती पलंगावर बसून पेज घेत होती आणि तिने मान खाली घातली. आम्हांला नेवाशाकडची ती म्हातारी आठवली. या वेळी मात्र आम्ही खुर्चीवर बसून वडिलांना सारे सांगितले. चूक पोरीची नव्हती, ती कोणाची होती हेही सांगितले. रविवारी मिस्सानंतर तेच पुन्हा सर्वांसमोर सांगितले. काही ज्येष्ठांना हा विषय मंदिरात आणणे रुचले नाही. तसे त्यांनी कळवले, आम्ही ऐकून घेतले.

मास्तर २०११ साली वारले. मातीला जाण्याचे आम्हांला जमले नाही. महिन्याभराने गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने ही छागळ आमच्या हाती दिली. वडिलांनी कोणाला कधी काही सांगितले होते का, असे आम्ही विचारले. कशाबद्दल, असे त्याने उलट विचारले.

त्यानंतरच्या सायकलफेरीचा नकाशा मुलींनी काढला. त्यांनी अंतर निम्म्यावर आणले आणि निघण्याची वेळ पहाटे पाचची ठेवली. थांबे ठरवले ते एक कॉन्व्हेंट, एक शाळा आणि दोघींच्या मावश्यांची घरे पाहून. तेथे आधी फोन करून दारे उघडी ठेवायला सांगितले. आठच्या आत सारे परतले. वाटेत बाटल्या दोनदा भराव्या लागल्या. आमच्या छागळीतले पाणी मात्र कोणी घेतले नाही; त्याला कॅनव्हासचा वास येतो, असे सगळ्यांचे मत पडले.